अंजनेरीच्या कड्याजवळ ड्रोन नकोत

मा. संपादक, स. न. वि. वि.

अंजनेरीवरच्या पावसाळी गर्दीबद्दल दरवर्षी लिहून येते. पण तिथे खरी शांतता लागते ती हिवाळ्यात, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना डाव्या हाताला दिसणाऱ्या या डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत, आणि त्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. कातळावर चुना ओघळल्यासारखे पांढरे पट्टे दिसले, की वरच्या कपारीत त्यांचा मुक्काम आहे असे खुशाल समजावे.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे सकाळी पठारावर पोहोचलो, तेव्हा एका ट्रेकिंग गटाने स्पीकरवर गाणी लावून कड्याच्या दिशेने ड्रोन सोडला होता. कपारीत बसलेले गिधाड उठले आणि आम्ही निघेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, घिरट्याच घालत राहिले. गटाच्या म्होरक्याला हटकले, तर ‘दोनच मिनिटांचा व्हिडिओ आहे, काका’ असे उत्तर मिळाले.

गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन देशभरातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली; २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर फारच थोडी उरली होती. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि नर-मादी ते आळीपाळीने उबवतात, तेव्हा अर्धा तास उघडे पडलेले अंडे ही किरकोळ बाब नव्हे.

पावसाळ्यातली तक्रार अर्थात खोटी नाही. याच डोंगराचे नाव मिळालेले ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे दुर्मीळ कंदीलपुष्प पठारावरच्या वीतभर मातीत उगवते, आणि चिखल चुकवण्यासाठी पायवाट सोडणाऱ्यांच्या बुटांखाली ते सहज चिरडले जाते.

हा परिसर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आहे. तेव्हा वनविभागाने विणीच्या काळात कड्यालगत ड्रोन आणि स्पीकर यांना मज्जाव असल्याचे फलक पायथ्याशी ठळकपणे लावावेत, शनिवार-रविवारी तिथे माणूस नेमावा, आणि पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या आयोजकांकडून तसे लेखी हमीपत्र घ्यावे. येत्या सिंहस्थामुळे त्र्यंबक रस्त्यावरची वर्दळ वाढणारच आहे, त्यामुळे ही व्यवस्था येत्या नोव्हेंबरपूर्वी झाली तर बरे.

आपला,
एक दुर्गप्रेमी वाचक, नाशिक