रजेवर गेलात तर काय अडते, ते रेझ्युमेत लिहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी २६ वर्षे नोकरी केली. एका जागेसाठी दोन-दोनशे अर्ज यायचे. त्यांतून मुलाखतीला बोलवायचे दहाजण निवडण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे. निवृत्त झाल्यापासून ओळखीतली मुले-मुली आपापले रेझ्युमे दाखवायला येतात. नोकरीच्या जाहिरातींसाठी आपले वृत्तपत्र उघडणारे बरेचजण हे पानही वाचत असतील, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात मैत्रिणीची भाची आली होती. वाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात चार वर्षे काम केलेली, आणि आता सात महिने नव्या नोकरीच्या शोधात. एकच रेझ्युमे तिने साठहून जास्त ठिकाणी पाठवला होता आणि फोन आले दोन. "मावशी, माझ्यातच काहीतरी कमी असणार," असे ती म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटले. कारण कागद हातात घेतल्याबरोबर दिसत होते, की ती स्वतः त्या कागदात कुठेच नव्हती.

सगळ्यात वर उद्दिष्ट: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. हे वाक्य मी नोकरीत असताना इतक्या अर्जांवर पाहिले आहे, की पुढेपुढे नजर त्यावर ठरतच नसे. त्याखाली जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद. चार वर्षांच्या नोकरीबद्दल एकच ओळ: 'हिशेबाची सर्व कामे पाहिली.' हा नमुना तिला शिकत असताना कॉलेजातून मिळाला होता. वर्गातल्या सगळ्यांनी त्यात नाव बदलले आणि तोच वापरला. मला याचा मनापासून राग येतो. तीन-चार वर्षे शिकवल्यावर मुलांच्या हातात शेवटी एकाच साच्यातला कागद द्यायचा?

मी तिला विचारले, "तू आठवडाभर रजेवर गेलीस, तर ऑफिसात काय अडायचं?"

ती जरा थांबली. "महिनाअखेर असेल तर सगळंच."

मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. दर महिन्याला मालवाहू गाड्यांची साडेतीनशेच्या आसपास बिले तिच्याकडे यायची. प्रत्येक बिल माल पोचल्याच्या पावतीशी ताडून पाहायचे. आधी हा सगळा मेळ महिना संपल्यावर बसायचा आणि हिशेब पुरा व्हायला नऊ दिवस लागायचे. हिने एक्सेलमध्ये एक तक्ता केला, त्यामुळे न जुळणारे बिल ज्या दिवशी आले त्याच दिवशी सापडू लागले. नऊ दिवसांचे काम पाचवर आले. नंतर आलेल्या दोघांना तो तक्ता तिनेच शिकवला. मी म्हटले, "अगं, हे लिहिलं का नाहीस?" तर म्हणाली, "ते तर माझं रोजचं कामच होतं. त्यात लिहिण्यासारखं काय?"

माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे म्हणणे हेच असते. जे काम हाताला बसले ते मोजायचेच नाही, आणि 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीममध्ये काम करण्याची तयारी' अशा शब्दांनी पान भरायचे. हे गुण खरेही असतील, पण वाचणाऱ्याला ते पटावे असे त्या पानावर काही नसते. आम्ही तिच्या त्या एका ओळीच्या जागी तीन ओळी लिहिल्या: बिले किती, तक्ता कशासाठी केला, दिवस किती वाचले. आकडा मात्र खराच असावा. नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' लिहावे. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि मग खरे असते त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. हे मी समोर बसून पाहिले आहे.

मग सर्वसाधारण रेझ्युमे ठेवूच नये का? जरूर ठेवावा, पण घरी. चार-पाच पाने झाली तरी चालतील, त्यात केलेले प्रत्येक काम, शिकलेले प्रत्येक सॉफ्टवेअर, सगळ्या तारखा लिहून ठेवाव्यात. जाहिरात आली की त्यातून त्या जागेपुरता एक पानाचा कागद काढावा. अनुभव बराच असेल तर दोन पाने. जाहिरातीत जे काम पहिले मागितले आहे, ते पानाच्या वरच्या भागात दिसले पाहिजे. अमेरिकेतल्या 'लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ साली भरती करणाऱ्यांची नजर कुठे फिरते याची पाहणी केली. पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात, असे त्यात आढळले. मला नवल वाटले नाही. दोनशे अर्जांचा गठ्ठा समोर असताना मीही आधी सध्याचे पद, कंपनी आणि तारखा एवढेच पाहत असे. तिथे काही अडकले तरच पुढे वाचायचे.

शब्दही जाहिरातीतले घ्यावेत. तिच्या ऑफिसात ज्याला 'पार्टीचा हिशेब जुळवणे' म्हणत, त्याला एका जाहिरातीत 'व्हेंडर रिकन्सिलिएशन' म्हटले होते. काम तेच असेल तर तोच शब्द लिहावा, कारण पहिली चाळण अनेकदा हिशेबातले काही न कळणारा माणूस लावतो, किंवा सॉफ्टवेअर. काही सॉफ्टवेअरना दोन रकाने, तक्ते, चित्रे किंवा पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला फोन नंबर नीट वाचता येत नाही. तपासायचे असेल तर रेझ्युमेतला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहावा. तिथे ओळी विस्कटल्या, तर सॉफ्टवेअरपुढेही त्या विस्कटलेल्याच जाण्याची शक्यता मोठी.

कधी जाहिरात नसते, कुणी ओळखीचे म्हणते, "पाठवून ठेव, बघू." तेव्हाही 'कोणतेही काम चालेल' असे लिहू नये. तो कागद कोणत्या विभागाकडे पाठवायचा, हे पुढच्याला कळत नाही आणि तो तिथेच पडून राहतो. 'हिशेब सहायक, ४ वर्षे, वाहतूक क्षेत्र, बिल-पडताळणी' एवढे वर असले तरी कागदाला वाट मिळते. नोकरीत खंड असेल तर वर्षे आणि कारण एका ओळीत सरळ सांगावे. आणि फोन नंबर दर वेळी तपासावा. आम्ही निवडलेल्या एका मुलाच्या अर्जावर त्याचा जुना, बंद पडलेला नंबर होता. तीन दिवस प्रयत्न केला आणि शेवटी जागा दुसऱ्याला दिली. तो मुलगा मला अजून आठवतो.

दोष एकट्या उमेदवारांचा नाही. 'होतकरू व अनुभवी उमेदवार पाहिजेत' एवढीच जाहिरात असेल, तर त्यातून अर्जात काय पुढे आणायचे हे कुणी कसे ठरवावे? रोज काय काम करायचे आहे, हे तीन वाक्यांत छापण्याचा आग्रह आपण जाहिरातदारांना धरावा, ही विनंती. आणि पानात जागा असेल तेव्हा एखाद्या वाचकाची रेझ्युमेतली जुनी ओळ आणि सुधारलेली ओळ शेजारी-शेजारी छापावी. मी त्यासाठी विनामोबदला काम करायला तयार आहे.

मैत्रिणीच्या भाचीने नवा रेझ्युमे आतापर्यंत नऊ ठिकाणी पाठवला, प्रत्येक ठिकाणी थोडा बदलून. तिघांनी मुलाखतीला बोलावले. नोकरी अजून मिळालेली नाही.

आपली,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी