दिगू, टोकन देण्याआधी ऋतूला उभी कर

जुळे सोलापूर,
17 जानेवारी

प्रिय दिगू,

तुझा फोन आला तेव्हा मी होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत होतो. पाळण्यांच्या कर्ण्यांमुळे अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. "बे, पोरीसाठी जुनी रायफल बघतोय ना, तिचं तो पुण्याचा माणूस वीस हजार टोकन मागतोय, टाकू का?" एवढं मात्र नीट ऐकलं आणि "टाकू नको" म्हणून ओरडलो. का नको, ते त्या गोंगाटात सांगता येणार नव्हतं. आज सकाळपासून लाईट नाही, सगळे माग बंद आहेत, म्हणून कारखान्यातच टेबलाशी बसून लिहितोय.

आधी तू पाठवलेल्या त्या व्हिडिओचं बोलतो. अमेरिकेतली ती सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते अशी) स्पोर्टिंग रायफल, तिची नळी बदलता येते, बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, मागेपुढे होतो, वर हवं ते बसवता येतं, आणि तू खाली लिहिलंस, "असलं काही ऋतूसाठी मिळेल का?" दिगू, तो रस्ताच वेगळा. तिकडे त्या बंदुका लोक हौसेनं आणि त्यांच्या स्पर्धांसाठी घेतात. आपल्याकडे साध्या पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलीलासुद्धा शस्त्र परवाना लागतो. आणि ऋतूला ज्या खेळात उतरायचंय, त्यात सेमी-ऑटोला जागाच नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हातानं, एकेक करून भरायची असते. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटरमध्ये कांस्य घेतलं, ते असंच. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, एकेक गोळी भरत. ऋतूची सुरुवात 10 मीटर एअर रायफलनं, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलनं होणार. पॉइंट 177, म्हणजे 4.5 मिलिमीटरचा पेलेट, छोटी गोळी. तिची ताकद 20 ज्यूलच्या आतली असल्यानं तिला परवाना लागत नाही.

पण त्या व्हिडिओतला 'मॉड्युलर' हा शब्द सोडू नको. तो तुझ्या कामाचा आहे. आजची मॅच एअर रायफलही सुट्या भागांची असते. बट-प्लेट वरखाली होते, बट लांब-आखूड होतो, गालाखालचा चीकपीस उचलता-सरकवता येतो, ग्रिप फिरते. फरक एवढाच की हे सगळं बंदूक नटवायला नाही, ती पोराच्या हाडांना बसावी म्हणून केलेलं असतं. तू मला आतापर्यंत कंपनी विचारलीस, मॉडेल विचारलंस, किती वर्षं वापरलेली ते विचारलंस. ऋतूची उंची किती, मान लांब की आखूड, हे एकदाही बोलला नाहीस. माझंही चार वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. तुला मी ते पुरतं कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

ओंकार तेव्हा तेरा वर्षांचा होता. मला एका ओळखीच्याच्या ओळखीतून सव्वा लाखात जर्मन रायफल मिळत होती. चकाचक, ॲल्युमिनियमचा बट, हवेचा निळा सिलिंडर. मी ती हातात घेतली, खांद्याला लावली, पेलेट भरायची लिव्हर उघडून बंद केली. मागाचा जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात, पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी, लिव्हरच्या नुसत्या आवाजावरच खूश झालो. पैसे तिथंच दिले. ओंकार शाळेत होता, त्याला बरोबर नेलाच नव्हता.

घरी आल्यावर बट सगळ्यात आखूड केला तरी त्याला लांबच. मग पोरगं काय करायचं, कंबर मागे टाकून, मान पुढे ताणून कसाबसा साईटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या भोकापर्यंत डोळा न्यायचं. मला वाटायचं, सवय होईल. सहा महिन्यांत त्याची पाठ दुखायला लागली. त्यात पहिल्या मोठ्या स्पर्धेला इक्विपमेंट चेकमध्ये त्यांनी सिलिंडर हातात घेतला, त्यावरची रबराची पट्टी सरकवली आणि खालची तारीख मला दाखवली. मुदत उलटून दीड वर्ष झालं होतं. विकणाऱ्यानं ती पट्टी कशासाठी घातली होती ते तेव्हा कळलं. सिलिंडर मुदतीतला आहे की नाही हे बघणं खेळाडूची जबाबदारी असते, त्यामुळे तिथं वाद घालायलाही जागा नव्हती. जॅकेट, पँट, बूट सगळं चढवून ओंकार बाकावर बसला होता. आम्ही तसेच रात्रीच्या गाडीनं परत आलो. नवा सिलिंडर येईपर्यंत तीन महिने गेले आणि तोवर त्याचं मन उडालं. तो मला कधी एक शब्द बोलला नाही, पण ती पेटी आज दोन वर्षं माळ्यावर चादरीत गुंडाळून पडली आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढताना माझ्या पोटात कालवतं.

म्हणून सांगतो, ऋतूला घेऊन जा. तिच्या अंगावर तिचं शूटिंगचं जॅकेट असायला हवं, कारण त्या जाड कापडानं बटाचं माप बदलतं. तिला रायफल खांद्याला लावायला सांग आणि डोळे मिटायला सांग. गाल चीकपीसवर सहज टेकू दे, मान सैल राहू दे. मग डोळे उघडले की मागच्या साईटच्या भोकातून पुढची रिंग समोर, मधोमध दिसली पाहिजे. दिसली नाही तर मान हलवून शोधू देऊ नकोस, चीकपीस हलव. चीकपीस संपला आणि तरी दिसत नसेल तर ती रायफल तिची नाही, कितीही स्वस्त असली तरी. तसंच डावं कोपर. ते कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे, वजन हाडावरून खाली पायात उतरलं पाहिजे. दंडाच्या जोरावर पेललं तर दहाव्या शॉटला थरथर सुरू होते, आणि मॅच साठ शॉटची आहे, 75 मिनिटांची, वर सुरुवातीची 15 मिनिटं सायटिंगची, म्हणजे नेम जुळवायची. नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण चालते म्हणून बाराव्या वर्षी तेवढी घ्यायची नसते. जोडलेली वजनं काढून किती हलकी होते ते विचार. चारच्या आतबाहेर झाली तर ऋतूला बरी. नंतर वाढवता येतं.

आणि दोन मिनिटं उभं करून "छान बसली" म्हणू नकोस. अर्धा तास उभी राहू दे. मध्ये खाली ठेवायची, परत उचलायची. मी समोर खुर्ची टाकून बसेन आणि तिच्याकडे बघत राहीन. तोंडानं ती "काही नाही काका" म्हणेल, पण पाठीचा खालचा भाग खोटं बोलत नाही.

आता यंत्राचं. इथं माझा हात बसलेला आहे, त्यामुळे हे काम माझ्यावर सोड, तरी तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

पहिलं सिलिंडरची तारीख. पट्टी, स्टिकर, कव्हर, जे असेल ते काढून, स्वतःच्या डोळ्यांनी. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. दोन सिलिंडर असले तर दोन्ही बघायचे.

मग गळती. सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरलेला असतो. रात्री दाबाचा काटा बघायचा, सकाळी बघायचा. पण यात एक गोम आहे. आपल्याकडे सध्या दुपारी तीसच्या वर आणि पहाटे पंधराच्या आसपास असतं. नुसत्या एवढ्या थंडीनं 200 चा काटा 190 वर येतो, हवा कुठंही गेलेली नसते. ओंकारच्या वेळी मी एका पहाटे विनाकारण घाबरून सगळे वॉशर बदलले होते. म्हणून आज दुपारी चारला बघितला तर उद्याही चारलाच बघायचा. काटा तरीही उतरला तर जोडावर साबणाचं पाणी लावायचं. आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी करून आत सिलिंडर ठेवायचा नाही, हे वहिनींनाही सांगून ठेव. आपला मे महिना तुला माहीत आहे.

स्क्रूची डोकी मी भिंगानं बघणार. मागाचं असो की रायफलीचं, यंत्र कुणी उघडलं, हात कुणाचा होता, हे स्क्रू सांगतो. खाच घासलेली, कडा उचललेल्या दिसल्या की समजायचं, घरच्या पेचकसानं खेळ झालेला आहे. मग ट्रिगर. तो दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा सैल सरकतो, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर जरा दाब पडला की सुटतो. शंभर ग्रॅमच्या आसपासचा तो दाब, बोटाला कळेल न कळेल असा. मॅच रायफलीत हवा न सोडता ड्राय फायर करायची सोय असते, त्यावर वीस वेळा ओढून बघायचं. वीसही वेळा भिंत त्याच जागी लागली पाहिजे.

सगळ्यात शेवटी कागद, म्हणजे टार्गेटवर मारून बघणं. हे मात्र तू सोडू नकोस, विकणारा कितीही "मॅच जिंकलेली रायफल आहे" म्हणाला तरी. टेपनं मोजून 10 मीटर, रायफल पक्क्या आधारावर, ऋतूचा हात मध्ये नको. पेलेट तीन प्रकारचे आण, डोक्याचं माप वेगवेगळं असलेले, 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटरचे. दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येक नळीला त्यातला एकच मानवतो. प्रत्येकाचे पाच-पाच मारायचे. चांगली नळी आणि तिला आवडलेला पेलेट जमला की पाच गोळ्या मिळून कागदावर एकच भोक पडतं, पेलेटहून जेमतेम मोठं, कडा कापल्यासारख्या. ओंकारच्या रायफलीचा असा एक कागद अजून माझ्या पाकिटात आहे. त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. अभिनव बिंद्रानं 2008 साली बीजिंगला शेवटचा शॉट 10.8 मारला तो दहा मीटरवरून, तेवढ्याच ठिपक्यावर. रायफलच भोकं पसरून पाडत असेल तर पोरगी स्वतःलाच दोष देत बसते, कोच तिची चूक काढतो आणि बाप ओरडतो. आमच्या घरी हे झालंय, म्हणून जीव तोडून सांगतोय. (पेलेट शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय ऋतूला डबा उघडू द्यायचा नाही.)

नळीच्या तोंडावर ओरखडा आहे का ते बघू, नंबर बिलाशी जुळवू, तेवढं किरकोळ मी करतो.

त्या माणसाला सांग, टोकन नाही, पण रविवारी रायफल दाखवलीस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडे ठेवू दिलीस तर त्याच दिवशी पूर्ण पैसे. ज्याच्या मालात खोट नाही तो मान्य करेल. कां-कूं करायला लागला तर विषय तिथंच सोड. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" असं तो म्हणेलच, मलाही म्हणाले होते.

आणि एक. रेंजवर पाय ठेवल्यापासून लिव्हर उघडी आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), तोंड टार्गेटकडे, हे ऋतूला पहिल्या दिवसापासून. फोटो काढायच्या नादात कुणाकडे रोखायची नाही, रिकामी असली तरी.

तुम्ही शनिवारी संध्याकाळीच बार्शीहून या. ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून ठेवणार आहे, येताना वहिनींना घेऊनच ये. काल जेवताना मी ऋतूचा विषय काढला तेव्हा ओंकार गप्प होता. रात्री माळ्यावर खुडबुड ऐकू आली म्हणून उठून बघितलं. त्यानं पेटी खाली काढली होती, चादरीची घडी बाजूला ठेवली होती, आणि पान्यांचा छोटा डबा उघडून चीकपीसचा स्क्रू सैल होतो का ते बघत होता. मला म्हणाला, "पप्पा, ऋतूची उंची विचारून ठेवा. आपली मला तेव्हा लांब झाली, पण ती उंच असेल तर तिला कदाचित बसेल."

तर उंची कळव. बूट घालून नको, अनवाणी मोज.

तुझा,
शिवा

ता. क. वरचं वाचून पुण्याच्या माणसाला लगेच 'नको' म्हणून टाकू नकोस. आमच्या पेटीतली ऋतूला बसते का, ते शनिवारी रात्रीच कळेल. आधी तिला तीच लावून बघू.