एकाच वावरातला माल, पावत्या मात्र दोन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात माझे दीड एकर वावर आहे. धानाची कापणी आटोपली की बोडीच्या (शेतातल्या लहान तळ्याच्या) पाण्यावर मी वांगी, मेथी, सांबार (कोथिंबीर) आणि वालाच्या शेंगा घेतो व धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) मानवेल बांबूपासून टोपल्या, सुपे आणि डालगी विणतो. हे विणकाम मला गावातील बुरड समाजाच्या एका वयोवृद्ध कारागिराने शिकवले. त्यांच्या हाताची सफाई माझ्या कामाला अजून आलेली नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

आठवडी बाजारात मी वांगी माझ्याच टोपलीत मांडून बसतो. वांगी संपली की ती टोपलीही एखादी गृहिणी घेऊन जाते. गेल्या हिवाळ्यापासून मात्र बाजाराचा ठेका घेतलेल्या इसमाचा माणूस माझ्याकडून दोन पावत्या फाडतो. एक भाजीची आणि दुसरी ‘बांबू सामाना’ची. बसण्याची जागा एकच, पोते एकच, तेव्हा दुसरी पावती कशाची, असे विचारले असता ‘माल दोन प्रकारचा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या दिवशी टोपलीतली वांगी खाली ओतून दाखवण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

माल दोन प्रकारचा दिसत असला तरी माझ्यासारख्या अल्पभूधारकासाठी हा धंदा एकच आहे. पावसाळा सरल्यावर, तीन वर्षांचा जून बांबू निवडून तोडावा लागतो, कारण कोवळ्या बांबूत पिष्ट अधिक असते आणि त्यालाच भुंगा लवकर लागतो. तोडलेले बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवले की ते पिष्ट बरेचसे निघून जाते. ज्या बोडीत बांबू भिजतो तिचेच पाणी वांग्याला जाते. सकाळी भाजीचे काम, दुपारच्या उन्हात सावलीला बसून कांबी तासायच्या, आणि ज्या आठवड्यात वांग्याला भाव नसतो त्या आठवड्याचे तेल-मीठ टोपल्यांवर निघते. घरातील दोन्ही सुना या कामात माझ्यापेक्षा तरबेज आहेत.

शासनाने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि धुऱ्यावरचा बांबू तोडताना शेतकऱ्याला वाटणारी धास्ती पुष्कळ कमी झाली. म्हणजे वरच्या पातळीवर दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या असताना गावच्या बाजारातच आमची अडवणूक व्हावी, हे चमत्कारिक आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आठवडी बाजारावर शुल्क आकारण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. बाजार झाडायला, दिवे लावायला पैसा लागतोच.

माझी विनंती एवढीच, की शुल्क मालाच्या प्रकारावर न आकारता व्यापलेल्या जागेवर आकारावे, ठेक्याच्या लिलावापूर्वी तशी अट घालावी आणि दराचा फलक बाजाराच्या तोंडाशी, वाचता येईल एवढ्या उंचीवर लावावा. सध्याचा फलक ग्रामपंचायत कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर आहे, आणि बाजाराच्या दिवशी त्या खोलीला दुपारीच कुलूप लागते.

आपला,
एक अल्पभूधारक शेतकरी,
तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर