आई-बाबा, यंदा गणपतीला मी येत नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच बोलले असते, पण आई तू मध्येच रडायला लागतेस आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही तिला वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. यंदा गणपतीला मी येत नाहीये. तिकीट कॅन्सल केलं. दादाला माहितीय, पण त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं.

कारण आपली पेजवाली, इथली इंग्लंडमधली माझी मैत्रीण. तिचं खुब्याचं ऑपरेशन आहे, कधीपासून वाट बघत होती बिचारी आणि तारीख मिळाली ती नेमकी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातली. त्यानंतर निदान सहा आठवडे तिला खाली वाकायचं नाही, नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. घरात दुसरं कुणी नाही. म्हणून मी तिच्याकडे राहायला जाणार आहे. म्हणजे आलेच आहे, आज नववा दिवस.

आता खरं सांगायचं ते. तिच्याकडे दोन जनावरं आहेत, पाळलेली. आई, तुम्ही हे दिवेलागणीनंतर वाचत असाल म्हणून मी जनावरच लिहितेय, तू समजलीस काय ते. तिच्या घरी मी सहा वर्षांत एकदाही आत गेले नव्हते ते याचमुळे, नेहमी तीच माझ्याकडे यायची. तिने कधी आग्रह केला नाही, कधी हसली नाही. आणि आपल्याकडे आली तेव्हा खळ्यात बसून तुझ्या हातची पेज खाताना तिने तुला यातलं काही सांगितलं नाही ते मी तिला बजावलं होतं म्हणून, तिच्या मनात लपवाछपवी नव्हती. तिला बोल लावू नकोस.

दोन्ही बिनविषारी आहेत. पुन्हा वाचा बाबा, बिनविषारी. एक कॉर्न स्नेक, अमेरिकेतला, केशरी रंगाचा, साधारण चार फूट. दुसरा रॉयल पायथन, आफ्रिकेतला, अजगराच्याच नात्यातला पण तेवढाच लहान, आणि तो बावीस वर्षं तिच्याजवळ आहे. तिचं लग्न मोडलं तेव्हाही तो होता. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपले साप कुणी घरात ठेवले तर गुन्हा आहे, इथे असे बिनविषारी ठेवता येतात, विषारी ठेवायचा असेल तर १९७६ चा कायदा आहे आणि कौन्सिलचं लायसन्स लागतं. म्हणजे पोलीसबिलीस कुणी येणार नाही, आई.

तू म्हणशील दुसऱ्या कुणाकडे द्यायचे होते की. विचारलं मी. पण त्या पायथनला जागा बदललेली सोसत नाही, घाबरला की महिनोन्महिने खात नाही. आणि त्याची पेटी आहे खाली, जमिनीलगत. तिला वाकता येणार नाही, मग पाणी कोण बदलणार? बाबांच्या स्टेंटच्या वेळी रात्री दोन वाजता तिनेच मला गाडीत घालून मँचेस्टरच्या विमानतळावर सोडलं होतं, कामावर सुट्टी टाकून, आणि मी परत येईपर्यंत माझ्या घराची चावी सांभाळली होती. मला ताप होता त्या लॉकडाऊनमध्ये रोज दाराशी डबा ठेवून जायची. मी आता भीती वाटते म्हणून मागे कशी राहू? तुम्हीच सांगा. तुम्ही असतात तर गेला नसतात?

भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. पहिल्या रात्री झोपच लागली नाही, तीनदा उठून चादर झटकली. बाबा, तुम्ही बूट आपटून मग पायात घालायला शिकवलंत ना, मी इथे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येसुद्धा बारा वर्षं बूट आपटूनच घालत आलेय. रात्री न्हाणीपर्यंत जाताना तुम्ही पुढे बॅटरी घेऊन पाय आपटत चालायचात आणि मी मागून तुमच्या शर्टाचं टोक धरून, ते मला इथे जिना उतरताना रोज आठवतं. आणि शाळेच्या सहलीत पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात सगळा वर्ग आत गेला आणि मी फाटकाशीच बसले तेव्हा तुम्ही मुलांना दुसऱ्या सरांबरोबर पाठवून माझ्याजवळ थांबलात, शेंगदाण्याची पुडी घेऊन. ओरडला नाहीत. त्या नीलिमकुमार खैरेंची गोष्ट सांगितलीत, १९८० साली पुण्यात काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले ते. मला धीर यावा म्हणून सांगितलीत पण मी अजूनच चिकटून बसले. ती पुडी अख्खी मीच संपवली, तुम्हाला एक दाणा दिला नाही.

इथली सोय ऐका म्हणजे जीव भांड्यात पडेल. माझी खोली वरच्या मजल्यावर, जनावरं खाली मागच्या खोलीत, मध्ये दोन दारं. पेट्या लाकडाच्या, पुढे सरकती काच, काचेला कुलूप, कारण कॉर्न स्नेक फटीतून निसटण्यात पटाईत असतो. किल्ली माझ्याकडे. रात्री दोनदा बघून येते. त्यांचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर (आई, हे वाक्य वाचून झालं की लगेच पुढचं वाच), त्यांचा फ्रीझर वेगळा आहे, बाहेरच्या शेडमध्ये, स्वयंपाकघराशी काही संबंध नाही. माझा कुकर, माझी भांडी मी घेऊन आलेय. तांदूळ आहे, आमसुलं आहेत, वहिनीने दिलेलं मेतकूट अजून निम्मं शिल्लक आहे. हीटर चांगला चालतो. गादी तर माझ्या घरच्यापेक्षा बरी.

आणि कामही फार नाही. रोज पाणी बदलायचं आणि एका बाजूला ३० च्या आसपास ऊब आहे का ते बघायचं, साधारण आठवड्याने-पंधरवड्याने खाऊ द्यायचा, तोही लांब चिमट्याने. हात लावायला तिने मला सांगितलेलं नाही आणि मी लावणारही नाही. परवा मी पहिल्यांदा एकटीने त्या पायथनची काच सरकवली, हात असा थरथरत होता की वाटीतलं पाणी सांडलं, आणि तो डोकं आत घेऊन स्वतःचं वेटोळं करून चेंडूसारखा झाला. मी विचारलं तर म्हणाली, घाबरला की असंच करतो. मी काच लावून घेतली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. का ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सांडलं नाही.

नागपंचमीचं तिला सांगितलं मी, तू पाटावर गंधाने नाग काढतेस ते, त्या दिवशी चिरत नाहीस, तवा ठेवत नाहीस, पातोळ्या करतेस. तिला ते इतकं आवडलं. दूध ते पीत नाहीत एवढं मात्र म्हणाली. तू पाटावरच्या नागाला दाखवतेस, त्याला काही हरकत नाही.

पण आई, बाबा, गेले नऊ दिवस मी रात्री जागून जे वाचतेय त्याने मला या पेट्यांपेक्षा तुमची काळजी जास्त लागली आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे आत्ता. इथे काच आहे, कुलूप आहे, विष नाही. तिथे गडगा आहे, मागीलदारी लाकडांचा ढीग आहे आणि बाबा पडवीत खाली सतरंजी टाकून झोपतात.

म्हणून आता नीट ऐकायचं आणि हो हो म्हणून सोडून द्यायचं नाही. बाबा, खाली झोपणं बंद. मण्यार रात्रीच फिरते, आणि ती चावली तर दुखत पण नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि माणूस ॲसिडिटी समजून बसतो. मच्छरदाणी गादीखाली खोचायची, नुसती सोडायची नाही. लाकडं दादाने येत्या रविवारी भिंतीपासून हलवायची. आई, पातेरा हाताने उचलायचा नाही, खोरं वापर, फुरसं पातेऱ्यात दिसत नाही, आणि त्याची खरखर तुला आता ऐकू येणार नाही गं, कानाचं मशीन तू लावतच नाहीस. बाबा, काजूत जाताना गमबूट. चपला नाही.

आणि देव न करो पण काही झालंच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, कुणा मांत्रिकाला बोलवायचं नाही, पाय हलवू न देता १०८ ला फोन, नाहीतर शेजारची रिक्षा, सरळ राजापूरचं सरकारी हॉस्पिटल. विषावरचं इंजेक्शन तिथेच. माईआत्याच्या वेळी जे झालं त्याचा मी कुणाला दोष देत नाही, बाबा, तुम्ही तेव्हा विशीत होतात, रस्तासुद्धा नव्हता. तुम्ही ते अजून मनात धरून आहात हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतेय.

गणपतीला आरतीच्या वेळी दादा व्हिडिओ कॉल लावेल, फोन समईपासून लांब ठेवा गेल्या वेळसारखा नको. एकवीस मोदकांत माझ्या नावाचा एक बाजूला काढून तूच खा आई, साखर तपासून. दिवाळीला मी नक्की येतेय, पेजवाली काठी घेऊन चालायला लागली की दुसऱ्या दिवशी बुकिंग.

आणि एक. शनिवारी घरी खाट येईल, सागाची, बाबांसाठी, पडवीत बसेल अशा मापाची. दादाने माप घेतलंय. पैसे भरून झालेत, दारातून परत पाठवू नका. लावून झाली की बाबा तिच्यावर बसलेले असा फोटो पाठवा.

तुमची
बायो