अंगणवाडीतले सकाळचे दोन तास मोकळे करा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीताई,
सप्रेम नमस्कार.

धुळ्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड अशी कामं. आयटीआय झालेली पोरं येतात, वेल्डिंग चांगलं करतात, पण टेप हातात दिला की तीन फूट सात इंच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) म्हटलं की अडकतात, आणि एखादा जॉब दोनदा चुकला तर हातातलं टाकून निघून जातात. आधी मला वाटायचं पोरं आळशी आहेत. आता नाही वाटत.

माझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे. मध्ये तिच्याकडे गेलो तर एक साडेतीन वर्षांचं पोरगं ठोकळे रचत बसलेलं, पाचवा ठेवला की सगळं पडायचं, परत पहिल्यापासून. वहिनी शेजारी बसून नुसतं "कितला शेतस?" (किती आहेत?) विचारत होती, अहिराणीतच, कारण घरी ते तेच बोलतं. मोजणं आणि पडलं तरी परत लावणं, माझ्या वर्कशॉपमध्ये नेमकं हेच कमी पडतं ना ताई! तेवढ्यात फोन आला, कसलीतरी माहिती लगेच अॅपवर टाका म्हणून. वहिनी उठली, दोन मिनिटांत पोरगंही उठून गेलं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ ते ६७ या काळात गरीब घरच्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला, पेरी प्रीस्कूल. त्यातल्या ५८ मुलांना रोज सकाळी अडीच तास बालवाडी आणि आठवड्यातून एकदा बाईंची घरभेट, बाकीच्यांना काही नाही. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत पुसला गेला, पण चाळिशीपर्यंत बघितलं तर बालवाडीवाले जास्त कमावत होते आणि गुन्ह्यांत कमी सापडले, म्हणजे टिकली ती चिकाटी. २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेम्स हेकमन यांनी हिशोब केला तर घातलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा निघाला. लहानपणी शिकलेल्यावरच पुढचं शिकणं चढतं, म्हणून उशीर होईल तसा तोच पैसा कमी काम करतो, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे अंगणवाडी १९७५ पासून आहे, २०२० चं शैक्षणिक धोरण स्वतः सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, पण शिक्षण हक्क कायदा सुरू होतो सहाव्या वर्षी. आणि सेविकेच्या डोक्यावर वजन-उंची, पोषण ट्रॅकर अॅप, सर्वे, मतदार याद्या, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्मसुद्धा. शिकवणार कधी?

मोठ्या पोरांसाठी नवीन स्किल सेंटर काढायला माझा विरोध नाही. पण आधी एवढं करा, सकाळचे दोन तास सेविकेला फक्त मुलांसाठी ठेवा, त्या वेळात कुठल्याही खात्याचा फोन, मीटिंग, फोटो नको. अॅपच्या कामाला गटागटात वेगळा माणूस द्या. शिकवणं मुलाच्या बोलीत होऊ द्या, इकडे अहिराणी, सातपुड्यात पावरी, भिलोरी. आणि नंदुरबारकडून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं सोबत जातात, त्यांचं नाव गावच्या रजिस्टरला राहतं आणि लेकरू फडात, त्यांची सोय पडावावरच, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तळावरच, करायला गुजरात सरकारशी बोला.

सुरुवात धुळे, जळगाव, नंदुरबारपासून केलीत तरी चालेल. ठोकळे, फळ्या, मोजायच्या पट्ट्या लागल्या तर आमच्या तालुक्यातल्या अंगणवाड्यांना मी बनवून देतो, मजुरी घेणार नाही.

आपला,
धुळ्याचा एक फॅब्रिकेशनवाला