ओळंबा, पुठ्ठा आणि पाच ॲलन की : सायकलवाल्या काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

पुण्यातून पहाटे निघून दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राईड) करणारे आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत, कारण आमच्या सायकली आमच्या अंगाच्या मापाला बसवून, म्हणजे फिटिंग करून, तुम्हीच दिल्यात. समोरासमोर आभार मानले की तुम्ही लगेच चेनकडे बोट दाखवून विषय बदलता, म्हणून लिहून कळवतोय. आणि उघडपणे लिहितोय ते यासाठी, की नवी रोडबाईक घेऊन पंधरा दिवसांत मान धरून बसलेल्या कुणालाही हे वाचून थोडी दिशा मिळावी.

सायकल आणली की तुम्ही आधी सायकलीला हात लावत नाही, माणसाकडे बघता. किती तास बसणार, पाठीचं जुनं दुखणं आहे का, उभ्याने वाकल्यावर बोटं कुठवर पोचतात. मग अनवाणी भिंतीला टेकवून उभं करता, जाड वही दोन पायांच्या मधे वरपर्यंत घट्ट धरायला लावता आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावता. त्या मापाला ०.८८३ ने गुणलं की सीटची उंची मिळते. ८० सेंमी आलं तर ७०.६. ती मोजायची बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या फ्रेमच्या नळीच्या) रेषेत, सीटच्या माथ्यापर्यंत. हा आकडा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँमुळे जगभर पोचला, पण तो जुन्या पेडलांच्या काळातला. आजच्या क्लीटच्या (बुटाच्या तळाला बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीच्या) पेडलांवर पाय आसाच्या जास्त जवळ बसतो, म्हणून तुम्ही दोन-तीन मिमी कमी धरता. नंतर टाच पेडलवर ठेवून उलटं फिरवायला लावता : तळाशी पाय नुकता सरळ व्हावा आणि कंबर डुलू नये. शेवटी ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) दहा मिनिटं चालवून, पाय तळाशी थांबवून गुडघ्याचा वाक मोजता, सरळ पाय म्हणजे शून्य. २५ ते ३५ अंशांत बसला की उंचीचा विषय संपला.

उंची चुकली की दुखतं कुठे, हे तुम्ही शिकवल्यापासून आम्हाला एकमेकांच्या सायकली लांबून वाचता येतात. गुडघ्याच्या वाटीच्या पुढे दुखतंय, तर सीट बहुतेक खाली आहे. गुडघ्याच्या मागे किंवा टाचेवरच्या शिरेत ओढ बसतेय आणि मागून पाहिल्यावर कंबर दोन्हीकडे हलतेय, तर सीट वर आहे. दुरुस्ती एका वेळी तीन मिमी, आणि पुढचा बदल दोन-तीन राईडनंतर. एकाच दिवशी सीट, स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) आणि क्लीट तिन्ही हलवलं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

तुमचा तो ओळंबा मात्र खास. पांढऱ्या दोऱ्याच्या टोकाला बांधलेला जुना नट. क्रँक (पेडलचे दांडे) आडवे करायचे, पुढच्या पायाच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्याला दोरा लावायचा आणि नट पेडलच्या आसावर येतो का ते पाहायचं. नट डोलायचा थांबेपर्यंत तुम्ही बोलत नाही, आम्हीही नाही. पण त्यावर तुम्ही थांबत नाही, यासाठी विशेष आभार. पाठीवर रेलून चालवायच्या सायकलींत गुडघा पेडलच्या पार मागे असतो आणि तरी तो शाबूत राहतो. म्हणजे ओळंबा ही फक्त सुरुवातीची खूण. खरी परीक्षा तोलाची. मध्यम जोर लावून चालवताना हात हुड्सवरून (ब्रेक लीव्हरच्या रबरी मुठींवरून) अलगद उचलायचे. धड पुढे कोसळलं तर सीट मागे घ्यायची. आणि सीट दहा मिमी मागे गेली तर ती तीन मिमी खालीही घ्यायची, कारण सीट ट्यूब साधारण ७३ अंशांत कललेली असते. मागे सरकवणं म्हणजे पेडलपासून लांबही नेणं. ही जोडी किती जण विसरतात!

हातांच्या मुंग्यांचंही तसंच. सगळे आधी जाड जेलचे हातमोजे घेतात. तुम्ही विचारता, कुठली बोटं? करंगळी आणि अनामिका असतील तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर मनगटाच्या मधली. मग पाहता सीटची लेव्हल. पुढचं टोक खाली झुकलं असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि स्वतःला हातांवर तोलून धरतो. सीट सपाट केली, फार तर एक-दोन अंश खाली ठेवली, की निम्मं काम तिथेच होतं.

सीटच्या रुंदीसाठी तुमचं उपकरण म्हणजे खोक्याचा नळीदार पुठ्ठा. कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवायचा, पाय थोडे उचलून, पुढे वाकून बसायचं, उठायचं. बसण्याच्या हाडांचे दोन खड्डे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, अधिक २० ते ३० मिमी. ११० आलं तर १३० ते १४० च्या आसपासची सीट. मऊ गादीवर हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो, म्हणून दुकानात बोटाने दाबून पसंत केलेली सीट शंभर किलोमीटरनंतर छळते. मधे खाच असलेल्या आखूड सीटा ही आपल्याकडच्या वाकून बसणाऱ्यांसाठी खरोखर चांगली सुधारणा आहे, हे तुम्हीच आधी सांगितलंत. थ्रीडी प्रिंट केलेल्या जाळीच्या महाग सीटाही चांगल्या, पण रुंदी चुकली तर तीही चुकीचीच सीट.

स्टेमबद्दल लिहिलं पाहिजे, कारण इथे घरच्या घरी सगळ्यात जास्त चुका होतात. हँडल दूर किंवा खाली वाटलं तर आधी स्टेम उलटा लावून पाहायचा, स्पेसर (स्टेमच्या खाली-वर बसणाऱ्या कड्या) पाच-दहा मिमी हलवायचे, मग आखूड स्टेमचा खर्च. कार्बनच्या स्टिअररवर (स्टेम ज्यावर बसतो त्या फोर्कच्या नळीवर) किती उंचीचे स्पेसर चालतात ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय वाढवायचे नाहीत. कसायचा क्रम कधी बदलायचा नाही : आधी वरच्या टोपीचा बोल्ट, त्याने हेडसेटचा (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगचा) खेळ जातो. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आळीपाळीने, त्यावर छापलेल्या आकड्यापर्यंत, बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटर. बाजूचे आधी आवळले की वरची टोपी कितीही फिरवली तरी काही होत नाही, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे केली की हेडसेटमध्ये टक-टक लागते. बोट ठेवून ती टक-टक जाणवून द्यायची तुमची पद्धत कुणी विसरणार नाही.

क्लीटमध्ये तुम्ही फार वेळ घालवत नाही, आम्हीही नको. पेडलचा आस चवड्याखाली, तळवा पेटत असेल तर क्लीट पाच मिमी टाचेकडे. नवख्याला शिमानो कंपनीच्या पिवळ्या, ६ अंश खेळ असलेल्या. लाल अजिबात नाहीत, त्यांत पाय हलतच नाही.

आता नव्या तंत्राबद्दल. या बाबतीत तुम्ही आमचे किती पैसे वाचवलेत आणि कुठे खर्च करायला लावलेत, दोन्हींसाठी आभार.

पहिला खर्च टायरचा. २३ मिमीच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून ठिगळांच्या रस्त्यावर चालवलं की टायर खड्डा गिळत नाही, सायकल आणि माणूस दोघांना उडवतो. त्या थरथरीत ताकदही जाते आणि मानही. ७० किलोच्या माणसाला ३२ मिमीच्या टायरमध्ये साधारण ५५ ते ६० पुरतात, पुढच्यात दोन-तीन कमी. हुक (टायरची कड धरून ठेवणारी रिमच्या आतली वळलेली कड) नसलेल्या रिमवर ७२.५ पीएसआयच्या वर कधीच नाही, टायर रिमवरून सुटतो. ट्यूबलेस घेतलं तर उन्हाळ्यात सीलंट (भोक बुजवणारं टायरमधलं द्रव) वाळतं, दोन-तीन महिन्यांनी किती उरलंय ते पाहायचं. मोठा चिरा गेला तर प्लग (भोकात खुपसायची रबरी वात), तरी नाही भागलं तर ट्यूब, आणि आतून टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा.

डिस्क ब्रेकचा खरा फायदा तुम्ही दाखवेपर्यंत आम्ही फक्त थांबण्याचा विचार करत होतो. रिमला मिठी मारणारा ब्रेक गेला, म्हणून फ्रेममध्ये रुंद टायरला जागा झाली. शिवाय पावसाळ्यात पसरणी घाट उतरताना एका बोटाने काम होतं, खांदे आक्रसत नाहीत, आणि चिखलाच्या कणांनी रिम झिजत नाही. लहान हातांसाठी लीव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, तो बहुतेकांनी कधी फिरवलेलाच नसतो. शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉट (गाड्यांत वापरतात ते ब्रेक फ्लुइड). अदलाबदल झाली तर आतले सील फुगतात.

इलेक्ट्रॉनिक गिअर २००९ मध्ये शिमानोने डाय-टू म्हणून बाजारात आणले. तुमचं मत पक्कं आहे : बोटांच्या सांध्यांचं दुखणं असेल, चारशे किलोमीटरच्या ब्रेव्हेत रात्री बोटं बधिर होत असतील, तर घ्या. नाहीतर जड चालणाऱ्या गिअरला नवी केबल आणि नवं आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) पुरतं. आखूड क्रँकबद्दल तुम्ही आधीपासून सांगत होता. आता स्लोव्हेनियाचा सायकलपटू ताडेय पोगाचार १६५ मिमीवर चालवतो म्हणून सगळे ऐकतात. १७२.५ वरून १६५ वर आलं की सीट साडेसात मिमी वर जाते, गुडघा पोटात शिरत नाही आणि पुढे वाकणं सोपं होतं.

आणि हेडसेटमधून आत जाणाऱ्या केबली. दिसायला सुंदर, पण अशा बऱ्याच सायकलींत स्टेम बदलायचा म्हणजे ब्रेकची होज (तेलाची नळी) सोडा, तेल भरा, हवा काढा, टेप नवी गुंडाळा. दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. अशी सायकल घ्यायची तर फिटिंग आधी आणि खरेदी नंतर, हे तुम्ही गिऱ्हाईक हातचं जाईल याची पर्वा न करता सांगता. आम्हाला याचं मोल फार वाटतं.

तुम्ही लिहून दिलेली कार्डं आम्ही प्लास्टिकमध्ये घालून हँडलबॅगेत ठेवली आहेत : सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीट आणि हँडलमधला उतार, क्रँक, दोन्ही टायरची हवा, खाली तारीख. सीटपोस्टवर पांढऱ्या टेपची खूणही आहे. खोक्यातून सायकल काढली की पाच मिनिटांत सगळं जागेवर येतं.

येत्या रविवारी सकाळी सातला तिघांना घेऊन येतो आहोत. तिघेही नेहमीचे बूट आणि पॅडची चड्डी घेऊन येतील. एकाच्या सायकलीच्या केबली आतून आहेत, त्याच्यासाठी वेळ जास्त ठेवा. चेन तिघांनाही आदल्या रात्री पुसायला सांगितली आहे.

तुमचे,
पहाटेचे सायकलवाले, पुणे