पट्टी खालनं वर

सातारा,
२३ ऑगस्ट

प्रिय सुन्या,

तुझा फोन दोनदा कट केला, रागावू नकोस. छोटा पुतळा रंगवत होतो. दोन्ही वेळेला हातात तीन शून्यांचा, म्हणजे एकदम बारीक टोकाचा ब्रश होता आणि शिपायाचा डावा डोळा अर्धा झाला होता. ७५ मिलिमीटरचा अख्खा माणूस, त्याचा डोळा मोहरीएवढासुद्धा नाही. श्वास सोडला तरी बुबुळ नाकाकडे पळतं. पहिले दोन दिवस गडी चकणाच होता.

हो, शेवटी घेतलाच हा पुतळा. रेझिनचा, पहिल्या महायुद्धातला हिंदी पायदळाचा शिपाई, मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. मी त्याला ११७व्या मराठा पलटणीत भरती केलंय. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. घोडी कापून खायची वेळ आली होती तिथं. त्यामुळे याचे गाल जरा बसलेलेच ठेवलेत.

चेहऱ्यानं मात्र रडवलं. मला मिळाल्या त्या सगळ्या कृती गोऱ्या कातडीच्या. उजेड दाखवायला म्हणे पांढरा मिसळा. मिसळला, तर राख फासलेला गोसावी तयार! सगळं पुसून परत बसलो. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात निळ्याचा एक ठिपका टाकून सावली केली, नाकाच्या शेंड्यावर अन् गालफडावर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. पांढरा अजिबात नाही. ऑइल कलर लवकर वाळत नाही, म्हणून कडा निवांत एकमेकींत जिरवता येतात. नमुन्याला आरशात मीच होतो, त्यामुळे शिपाई थोडा आपल्या घरातला वाटतो. खाकीचंही तसंच. एकच खाकी सगळीकडे फासली की बाहुला दिसतो. म्हणून फेटा, सदरा आणि पोटऱ्यांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या, तिन्हींच्या छटा वेगळ्या केल्या.

मग अपशिंग्याहून तात्या आजोबा दवाखान्याच्या कामाला आले. रिटायर्ड हवालदार. मोबाईलची बॅटरी लावून शिपायाला उलटापालटा करून बघितला. मला वाटलं, आता शाबासकी. तर म्हणाले, "ह्यो पायदळातला का रिसाल्यातला?"

झालं असं, की उजव्या पोटरीवर साच्यातला हवेचा खड्डा होता. तो पुटीनं भरून पट्टीचे वेढे मीच कोरले होते, वरून खाली.

"पायदळवाला खालनं वर गुंडाळतो, गुडघ्याखाली बांधतो. वरनं खाली घोडेस्वार. तुझा एक पाय जमिनीवर अन् एक घोड्यावर व्हय रं?"

त्यांची स्वतःची पट्टी घोट्यापुरतीच होती. गुडघ्यापर्यंतची त्यांच्या वडिलांनी बांधलेली त्यांनी बघितलीय. जाता जाता बुटांवरही ताशेरा मारला, "येवढं चकाचक? परेडला निघालाय का?"

बुटांवर धूळ चढवली. पट्टी मात्र तशीच ठेवून वर मॅट, म्हणजे बिनचमकीचं वार्निश मारलं, आणि तेही भर पावसात! हवेतल्या ओलीनं अख्खा शिपाई यवतेश्वरच्या घाटात उभा असल्यासारखा पांढराफटक. ब्रशनं ग्लॉसचा, म्हणजे चमकदार वार्निशचा हात दिल्यावर धुकं गेलं. आता ऊन पडेल तेव्हा परत मॅट.

गणपतीला येताना पुण्यातून तीन शून्यांचे दोन ब्रश आण. इथला शेवटचा पुटी कोरताना वाकला, कारण काल रात्री ती पट्टी खरवडून परत खालनं वर कोरायला घेतलीय. तात्या आजोबांचा एक दिवसाआड फोन असतो: "सोडली का पट्टी?"

तुझा,
नंदू